रांगती मुलगी, घरातच टीव्ही दुरुस्तीचं दुकान आणि नवा सोफा: धुळीतल्या अग्निरोधक रसायनांची काळजी कितपत करावी?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हालाही समजावं म्हणून आधी थोडक्यात मांडते. जुळे सोलापुरात तुमचं घर. पुढच्या खोलीत मिस्टरांचं टीव्ही-मोबाइल दुरुस्तीचं दुकान, मध्ये पडदा, मागे दोन खोल्या. मुलगी दहा महिन्यांची, दिवसभर रांगते आणि हाताला लागेल ते तोंडात घालते. गेल्या दिवाळीत फोमचा सोफा घेतला, हप्ते अजून चालू आहेत. आणि आता वाचनात आलं की सोफ्यात, टीव्हीत आग लवकर लागू नये म्हणून घातलेली रसायनं घरच्या धुळीत उतरतात आणि मुलांच्या रक्तात सापडतात. तुम्ही चार गोष्टी विचारल्यात: सोफा काढून टाकू का, मुलीचं रक्त तपासू का, हवा शुद्ध करणारं यंत्र घेऊ का, आणि अंगावरचं दूध बंद करू का.

चौथ्याचं उत्तर आधी देते, कारण ते उद्यावर टाकण्यासारखं नाही. दूध अजिबात बंद करू नका. ही रसायनं आईच्या दुधात उतरतात हे खरं आहे. स्वीडनमध्ये १९७२ ते १९९७ या काळातले साठवलेले दुधाचे नमुने तपासले, तेव्हा ती वर्षानुवर्षं वाढत चालल्याचं दिसलं आणि जग जागं झालं. पण एवढं माहीत असूनही जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला तोच आहे: दोन वर्षांपर्यंत आणि त्यानंतरही स्तनपान चालू ठेवा. दुधातून बाळाला मिळणारं बळ या भीतीपेक्षा खूप मोठं आहे. शिवाय या रसायनांपैकी ज्यांचा सर्वांत जास्त अभ्यास झाला, ती उत्तर अमेरिकेतल्या मातांच्या दुधात आशियातल्या मातांपेक्षा कितीतरी पट जास्त सापडली आहेत. त्यामागचं कारण पुढे येईलच.

आता माझ्याबद्दल दोन शब्द, म्हणजे माझं ऐकायचं किती आणि डॉक्टरांचं किती हे तुम्हाला ठरवता येईल. मी डॉक्टर नाही. कामाच्या जागेवरची हवा आणि धूळ मोजणं, ती माणसाच्या अंगात कोणत्या वाटेने जाते ते शोधणं आणि ती वाट बंद करून देणं हा माझा व्यवसाय. बावीस वर्षांत अक्कलकोट रोड आणि चिंचोली एमआयडीसीतले टॉवेल-चादरींचे कारखाने, पूर्व भागातल्या यंत्रमागांच्या शेड, बॅटरीवाले, वेल्डिंगवाले, सगळीकडे नमुने घेतले. सर्वांत जास्त वेळ कापसाच्या धुळीत गेला. त्यातून एक गोष्ट पक्की कळली: धूळ कामाच्या जागेच्या दारात थांबत नाही. ती केसांतून, पँटच्या दुमडीतून, चपलेच्या तळातून घरी येते. तुमच्याकडे तर कामाची जागा आणि घर यांच्यात फक्त एक पडदा आहे. तुम्ही सोफ्याबद्दल विचारलंत, पण मला काळजी वाटते ती पडद्यापलीकडच्या टेबलाची.

असं का, ते समजण्यासाठी ही रसायनं वस्तूत कशी बसलेली असतात ते बघावं लागेल. सोलापूरकरांना ते चादरीच्या रंगावरून चटकन समजेल. पक्का रंग धाग्याशी बांधला जातो, कितीही धुतलं तरी उतरत नाही. कच्चा रंग धाग्यावर नुसता बसलेला असतो आणि पहिल्याच धुण्याला बादली लाल करतो. अग्निरोधक रसायनांचंही तसंच आहे. काही रसायनं प्लास्टिकच्या रेणूशी जोडलेली असतात. मोबाइल-टीव्हीच्या हिरव्या बोर्डात टीबीबीपीए नावाचं ब्रोमीनयुक्त रसायन बहुतेक असं बांधलेलं असतं, म्हणून ते फारसं सुटत नाही. पण बाकीची बरीचशी प्लास्टिकमध्ये किंवा फोममध्ये नुसती मिसळलेली असतात, कच्च्या रंगासारखी. ती बाहेर पडायला पाणीही लागत नाही. वस्तू तापली की थोडी वाफ होऊन हवेत जातात आणि मग धुळीच्या कणांना चिकटतात. वस्तू झिजली की तिचा भुगाच धूळ होतो. आणि वस्तूवर धूळ नुसती बसून राहिली तरी सरळ त्या धुळीत शिरतात. उष्णता वाढली की सुटण्याचा वेग वाढतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ ला जातो आणि पत्र्याखालच्या दुकानात त्याहून वर, हे लक्षात असू द्या.

या रसायनांची घराणी दोन. पहिलं ब्रोमीनवालं, त्यात पीबीडीई सर्वांत कुप्रसिद्ध. त्यातलं पेंटा नावाचं मिश्रण मुख्यतः फोममध्ये जायचं, ऑक्टा आणि डेका ही टीव्ही, संगणक यांच्या प्लास्टिकच्या बॉडीत. अमेरिकेतल्या फोममध्ये ती इतकी का होती? कॅलिफोर्निया राज्याने १९७५ मध्ये असा नियम केला की फर्निचरचा फोम उघड्या ज्योतीपुढे बारा सेकंद टिकला पाहिजे. फोम मुळात पेट्रोलियमचं लेकरू. तो रसायन घातल्याशिवाय टिकणार कसा? मग एका राज्यासाठी वेगळा माल कोण बनवणार, म्हणून देशभर तसाच माल विकला गेला. २०१३ मध्ये तो नियम बदलला, पण तोवर अमेरिकन घरांची धूळ भरून गेली होती. आपल्याकडे घरगुती सोफा बनवणाऱ्या कारागिराला मी अशा चाचणीबद्दल विचारते, तेव्हा तो माझ्याकडे नवल वाटल्यासारखा बघतो. त्यामुळे अमेरिकेतल्या सोफ्यांबद्दल वाचलेलं सगळं तुमच्या सोफ्याला जसंच्या तसं लावू नका.

दुसरं घराणं फॉस्फरसवालं. पीबीडीईवर बंदी येऊ लागली तशी ही त्यांच्या जागी आली. त्यातली क्लोरीन असलेली काही, म्हणजे टीडीसीआयपीपी, टीसीईपी, निर्धोक म्हणावीत अशी नाहीत. टीडीसीआयपीपी कॅलिफोर्नियानेच २०११ मध्ये कर्करोगकारक रसायनांच्या यादीत टाकलं. त्याचाच जवळचा ब्रोमीनवाला भाऊ १९७७ मध्ये लहान मुलांच्या पायजम्यांतून काढावा लागला होता. एक रसायन बदनाम झालं की त्याच्या नात्यातलं दुसरं आणायचं, हा खेळ जुना आहे आणि मला त्याचा मनापासून राग येतो.

बंदीचं थोडक्यात सांगते. स्टॉकहोम करार म्हणजे वर्षानुवर्षं न विरणाऱ्या विषारी रसायनांवरचा आंतरराष्ट्रीय करार. त्यात पेंटा आणि ऑक्टामधली पीबीडीई २००९ मध्ये आली, डेका २०१७ मध्ये. आपल्या सरकारने मार्च २०१८ च्या नियमांत पेंटा-ऑक्टा गटातली पीबीडीई आणि एचबीसीडी हे आणखी एक ब्रोमीनवालं रसायन बंद केलं. त्याआधी २०११ च्या ई-कचरा नियमांनी नव्या विजेच्या उपकरणांत पीबीडीईला ०.१ टक्क्याची मर्यादा घातली होती. म्हणजे आज शोरूममधून येणारा नवा टीव्ही हा मोठा प्रश्न नाही. पण दुरुस्तीला नवा टीव्ही येत नाही, जुना येतो. कारखान्यातून हद्दपार झालेलं रसायन दहा-वीस वर्षांनी दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर येऊन बसतं. माळ्यावर रचून ठेवलेले पिक्चर ट्यूबवाले सेट, त्यांची काळी-करडी बॅक कव्हरं, हा तुमच्या घरातला खरा साठा आहे.

आणि त्यातलं सर्वांत वाईट काम कोणतं माहीत आहे? कव्हर उघडल्यावर पहिल्यांदा ब्लोअर मारणं. प्रत्येक मेकॅनिक ते करतो, कारण धूळ काढल्याशिवाय बोर्ड दिसत नाही. सेटच्या आत, ईएचटीच्या (पिक्चर ट्यूबला खूप जास्त व्होल्टेज देणाऱ्या भागाच्या) आसपास, वर्षानुवर्षं धूळ गरम होत बसलेली असते आणि ती सर्व बाजूंनी त्याच रसायन घातलेल्या प्लास्टिकने वेढलेली असते. जपानमध्ये अशी टीव्हीच्या आतली धूळ मोजली, तेव्हा घरातल्या जमिनीवरच्या धुळीपेक्षा तिच्यात पीबीडीई कित्येक पटींनी जास्त निघालं. ती धूळ ब्लोअर एका मिनिटात खोलीभर करतो. पडदा तिला अडवत नाही, उलट झोळीसारखा धरून ठेवतो आणि प्रत्येक ये-जा करणाऱ्याच्या अंगावर थोडी थोडी झटकत राहतो.

आता हिशोब करू, म्हणजे भीतीला माप मिळेल. या वयाचं मूल माती आणि धूळ मिळून दिवसाला साधारण ७० मिलिग्रॅम गिळतं असं अमेरिकेची पर्यावरण संस्था धरते. चिमूटभर मिठापेक्षाही कमी, पण रोज. समजा घरच्या साध्या धुळीत एका ग्रॅमला १ मायक्रोग्रॅम रसायन आहे. मग मुलीच्या पोटात दिवसाला ०.०७ मायक्रोग्रॅम गेलं. समजा तीच धूळ सेटच्या आतली आहे आणि तिच्यात ग्रॅमला १०० मायक्रोग्रॅम आहे. मग ७ मायक्रोग्रॅम गेलं. हे दोन्ही आकडे मी समजावण्यासाठी धरलेत, तुमच्या घरात मोजलेले नाहीत. त्याच संस्थेने २००८ मध्ये रोज चालेल अशी मर्यादा डेकासाठी किलो वजनामागे ७ मायक्रोग्रॅम ठरवली, आणि पेंटामधल्या दोन मुख्य घटकांसाठी फक्त ०.१. मुलगी आठ किलोची धरली तर डेकासाठी ५६ आणि पेंटाच्या घटकासाठी ०.८. म्हणजे ते ७ मायक्रोग्रॅम डेकाचे असतील तर मर्यादेच्या बरेच आत, आणि पेंटाचे असतील तर जवळजवळ नऊ पट बाहेर. धूळ तेवढीच, मूल तेच. म्हणून "धुळीत रसायन सापडलं" या एका वाक्यावरून काहीच ठरत नाही. कोणतं, किती आणि कुठली धूळ, हे तिन्ही लागतं.

आकड्यांच्या बाबतीत सावध राहण्याचं आणखी एक कारण सांगते. २०२४ मध्ये काळ्या प्लास्टिकच्या स्वयंपाकाच्या चमच्यांवरचा एक अभ्यास जगभर गाजला. त्यात हीच डेकाची मर्यादा ६० किलोच्या माणसासाठी गुणताना ४,२०,००० नॅनोग्रॅमऐवजी ४२,००० लिहिलं गेलं. एक शून्य गळलं आणि धोका दहापट दिसला. पुढे दुरुस्ती छापावी लागली. पण ती चूक निघाली म्हणून मूळ गोष्ट खोटी ठरत नाही. जुन्या टीव्ही-संगणकांचं काळं प्लास्टिक वितळवून त्याचे चमचे आणि खेळणी होतात, हे त्या अभ्यासात दिसलंच. मुलीच्या हातात स्वस्त काळ्या प्लास्टिकचं खेळणं किंवा जुना रिमोट चघळायला देऊ नका, एवढं त्यातून घ्या.

ही काळजी मी हसण्यावारी नेत नाही, हेही स्पष्ट सांगते. पीबीडीई थायरॉइडच्या कामात ढवळाढवळ करतात. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा पीबीडीईचं प्रमाण दहापट वाढलं की मुलांचा बुद्ध्यांक सुमारे ३.७ गुणांनी कमी, असा संबंध दिसला. एका मुलाच्या बाबतीत हा फरक कुणाला जाणवणारही नाही, पण मूल आपलं असलं की तो का सोसावा? दिलासा देणारी बाजू अशी की फॉस्फरसवाली रसायनं शरीरातून काही तासांत ते काही दिवसांत निघून जातात, रक्तातलं डेका पंधरा-एक दिवसांत निम्मं होतं. पेंटाचे घटक मात्र वर्षानुवर्षं रेंगाळतात. म्हणजे आज वाट बंद केली तर बऱ्याच रसायनांचा फरक महिन्याभरात पडतो. मागे झालं त्याचा विचार करत रात्र जागवू नका.

वाट कुठून कुठे जाते हे तुमच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर एक प्रयोग करा. मी तो बॅटरीवाल्यांच्या आणि वेल्डरांच्या घरी करून दाखवते. सकाळी दुकानाच्या टेबलावर आणि टेबलाखाली दोन चमचे हळद भुरभुरवा. मग नेहमीसारखा दिवस जाऊ द्या, कुणालाही काही वेगळं वागायला सांगू नका. रात्री एक पांढरं ओलं फडकं घेऊन घरभर फिरा: उंबरा, पडद्याची कड, मिस्टरांच्या चपला, पाण्याच्या माठाचं झाकण, टीव्हीचा रिमोट, पाळण्याची दोरी, मुलीचे गुडघे. पूर्व भागातल्या एका घरी मी हे केलं होतं. पिवळा डाग बाळाच्या वाकळीवर सापडला तेव्हा त्या बाळाचे वडील कितीतरी वेळ काही बोलले नाहीत. त्यांना मी तीन महिने सांगत होते, पण हळदीने एका दिवसात सांगितलं. हळदच निवडते, कारण मुलाच्या तोंडात गेली तरी चालते.

आता एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. तुमच्या घरात मला अग्निरोधक रसायनांपेक्षा शिशाची काळजी जास्त आहे. दुरुस्तीत वापरलं जाणारं जुन्या पद्धतीचं सोल्डर (वितळवून जोड बसवायची तार) साठ-चाळीस असतं, म्हणजे चाळीस टक्के शिसं. लोकांना वाटतं ते धुरातून जातं. सोल्डरिंगच्या तापमानाला शिशाची वाफ फारशी होत नाही, धूर असतो तो फ्लक्सचा (जोड नीट बसावा म्हणून सोल्डरसोबत लागणाऱ्या पदार्थाचा), आणि तोही दम्याला वाईटच. शिसं जातं बोटांतून. तार बोटांत धरायची, टोक दातांनी सरळ करायचं, टीप पुसायची, टेबलावर बारीक गोळ्या सांडायच्या, आणि मग तेच हात पुसून मुलीला उचलायचं. शिशाला सुरक्षित अशी पातळीच नाही. पण त्याची एक सोय आहे: रक्तात ते मोजता येतं आणि त्या आकड्याचा अर्थ लावता येतो. म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: अग्निरोधक रसायनांसाठी रक्त तपासू नका. ती तपासणी संशोधनासाठी आहे, आकडा आला तरी त्यावरून डॉक्टर औषध देऊ शकणार नाहीत. तेवढ्याच एका सुईत शिसं तपासून घ्या. बालरोगतज्ज्ञांना सांगा की घरात सोल्डरिंगचं काम चालतं, ते लिहून देतील. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं तर शिशाचा उगम शोधून तो बंद करायचा. अमेरिकेत ३.५ लाच लक्ष घालतात. सोबत हिमोग्लोबिनही बघायला सांगा, कारण लोह कमी असलेलं मूल शिसं जास्त शोषतं.

आणि आनंदाची गोष्ट ही की शिसं आणि अग्निरोधक रसायनं एकाच वाटेने जातात. धूळ, हात, तोंड. एकीला अडवलं की दुसरीही अडते.

दुकानापासून सुरुवात करा. ब्लोअर खोलीत मारायचा नाही, हा पहिला आणि सर्वांत मोठा नियम. सेटच्या आत ओलं फडकं घाला असं मी सांगणार नाही, पिक्चर ट्यूबमधला चार्ज काय असतो ते मिस्टरांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. चार्ज उतरवल्यावर मऊ ब्रशच्या तोंडाचा व्हॅक्यूम क्लीनर लावून धूळ ओढून घ्यायची. तो हेपा फिल्टरचा हवा, साधा असेल तर बारीक धूळ मागून परत बाहेर फेकतो. हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रासाठी जे पैसे तुम्ही बाजूला काढताय, ते इथे घाला. यंत्राच्या बाबतीत माझं मत असं आहे की ते हवेत तरंगणारे बारीक कण पकडतं, पण तुमच्या मुलीकडे जाणारी धूळ फरशीवर बसलेली आहे. ती यंत्रापर्यंत जातच नाही.

मग पडद्याच्या जागी दार. जमत नसेल तर जाड रेक्झिन, जे रोज पुसता येईल. दुकानाच्या रस्त्याकडच्या भिंतीत एक्झॉस्ट पंखा, म्हणजे हवा घरातून दुकानात आणि दुकानातून बाहेर जाईल. उन्हाळ्यात बरेच जण नेमकं उलटं करतात: दुकानाच्या दारात कूलर ठेवून त्याचं तोंड घराकडे करतात. त्याने सगळी धूळ पाळण्यापर्यंत येते. कूलर मागच्या खिडकीत ठेवा. मिस्टरांचा एक शर्ट आणि एक चपलेचा जोड फक्त दुकानापुरता, दोन्ही दुकानातच राहतील. शर्ट वेगळा धुवायचा, मुलीच्या कपड्यांसोबत नाही.

हात धुणं हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय. न्यूयॉर्कमधल्या काही मातांवर एक छोटा अभ्यास झाला, त्यात आठवडाभर हात वारंवार धुण्याने आणि घर ओल्याने पुसण्याने त्यांच्या हातांवरची ही रसायनं लक्षणीय कमी झाली. पण न्यूयॉर्कला नळाला पाणी रोज येतं. आपल्याकडे काही दिवसांआड येतं, आणि मी कुठल्याही घरात "वारंवार हात धुवा" म्हणते तेव्हा बायका माझ्याकडे बघतात ते मला कळतं. म्हणून पाण्याचा हिशोब धरूनच सांगते. दुकानाच्या कोपऱ्यात तोटी बसवलेला पाच-सात लिटरचा कॅन आणि साबण ठेवा. बारीक धार सोडली तर एका वेळी अर्धा लिटर पुरतं. मिस्टरांनी चार वेळा धुवायचे: चहाआधी, जेवणाआधी, मुलीला घेण्याआधी, दुकान बंद केल्यावर. सॅनिटायझर इथे कामाचा नाही, तो जंतू मारतो, धूळ आणि शिसं हातावरच ठेवतो. मुलीचे हात जेवणाआधी आणि झोपण्याआधी, नखं आठवड्याला.

फरशी कोरडी झाडू नका. यंत्रमागाच्या शेडमध्ये मी वर्षानुवर्षं हेच भांडत आले आहे. कोरड्या झाडूने मोठा केर जातो, बारीक धूळ उडते आणि तासाभराने परत खाली बसते. आपल्या आज्या अंगण झाडायच्या आधी पाणी शिंपडायच्या ते काही उगाच नाही. पुसायला पूर्ण बादली लागत नाही. एका भांड्यात साबणाचं पाणी, दुसऱ्यात साधं, दोन्ही अर्धी. फडकं घट्ट पिळून घ्यायचं. पुसायची दिशा मागच्या खोलीकडून दुकानाकडे, कधीच उलटी नाही. दुकानाचं फडकं वेगळं. ते पाणी तुळशीत ओतायचं नाही. मुलगी जिथे जास्त खेळते तिथे एक चादर अंथरा, आणि ती घरात झटकू नका; आतल्या बाजूला गुंडाळून धुवायला न्या. पाणी कमी असेल त्या आठवड्यात पूर्ण घर पुसायच्या मागे न लागता मुलीची खोली आणि उंबऱ्याचा पट्टा एवढं तरी रोज पुसा.

हे सगळं एकाच रविवारी जमणार नाही हे मला माहीत आहे. एकच रविवार मिळाला तर माळ्यावरचे आणि टेबलाखालचे जुने सेट हलवा, पडदा धुवा, आणि तोटीचा कॅन लावा. बाकीचं पुढच्या महिन्यात.

ते जुने सेट द्यायचे कुठे? नोंदणीकृत ई-कचरावाल्याकडे. २०२२ च्या ई-कचरा नियमांत तीच व्यवस्था आहे, आणि बरेचसे संकलक दुकानातून गठ्ठ्याने माल उचलतात. घराच्या मागे कव्हरं फोडून तांबं काढू नका, आणि हे तर कळकळीने सांगते: बंबात जाळू नका. आपल्याकडे पाण्याच्या बंबात लाकडाच्या ढलप्यांबरोबर वायरींचे तुकडे, फुटकी कव्हरं, फोमचे तुकडे सर्रास जातात, कारण ते झटकन पेटतात. ब्रोमीनवालं प्लास्टिक जळालं की त्यातून डायॉक्सिनसारखी रसायनं तयार होतात, जी मूळ रसायनापेक्षा कितीतरी विषारी असतात. सेटमध्ये पडून असलेलं प्लास्टिक आणि बंबात जळणारं प्लास्टिक यांची तुलनाच होऊ शकत नाही.

आता सोफा. ठेवा. हप्ते चालू असलेली वस्तू रस्त्यावर टाकण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही आणि तुमच्याकडेही नाही. एकच गोष्ट तपासा. गादीच्या चेनमधून आतला फोम बघा. एकसारखा पांढरा किंवा पिवळसर, अखंड फोम असेल तर कव्हर नीट ठेवा, फाटलं तर लगेच शिवा, एवढं पुरे. पण रंगीबेरंगी ठिपक्यांचा, तुकडे चिकटवून केलेला दिसला, तर तो रिबाँड फोम. तो फोमच्या भंगारातून होतो, ते भंगार कुठल्या देशातल्या कुठल्या गाडीचं किंवा गादीचं हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. पेंटा घातलेल्या जुन्या फोमचा पुनर्वापर करायला आंतरराष्ट्रीय करारात २०३० पर्यंत सवलत आहे, हे सांगताना मला वाईट वाटतं. असा फोम असेल तर घट्ट विणीच्या कापडाचं आणखी एक कव्हर चढवा आणि मुलीला त्यावर झोपवू नका. तिला झोपायला कापसाची गादी उत्तम. पिंजून घेतलेला साधा कापूस, त्यात यातलं काही नसतं.

आणि एक विनंती. हे सगळं वाचून आगीची भीतीच खोटी, असं मनात येऊ देऊ नका. २०२५ च्या मे महिन्यात आपल्याच एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागून आठ जीव गेले. त्यानंतर मी ज्या ज्या शेडमध्ये गेले तिथे आधी बाहेर पडायचा दुसरा रस्ता आहे का ते बघते, धूळ नंतर. तुमच्याही दुकानात थिनर आहे, तापलेलं सोल्डरिंग आयर्न आहे, जुन्या बॅटऱ्या आहेत, आणि मागच्या खोलीत बाळ झोपतं. मागचं दार सामानाने अडवलेलं असेल तर आजच मोकळं करा. चार्जिंगला लावलेली फुगलेली बॅटरी रात्री तशीच ठेवू नका. आयर्नला स्टँड आणि वायरिंगला चांगला एमसीबी, ही कामं कुठल्याही रसायनापेक्षा आगीपासून जास्त वाचवतात.

शिशाचा अहवाल आला की आकडा इथेच लिहा. दुकानाची लांबी-रुंदी आणि दार-खिडकी कोणत्या दिशेला आहे तेही लिहा, म्हणजे एक्झॉस्ट पंखा कुठल्या भिंतीत आणि किती उंचीवर बसवायचा ते मी नीट सांगू शकेन.